शिंपिणीच्या तीन खोल्या

सहलीचा पहिला दिवस फुकट गेला असं मी म्हणाले, तेव्हा आई हसली. ज्या पुलासाठी आम्ही एवढा विमानप्रवास करून त्या परक्या देशात गेलो होतो, त्याची नेमकी डागडुजी चालू होती. दोन्ही टोकांचे दगडी सिंह पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, कमानींना लोखंडी परांची, आणि पर्यटक त्या कापडासमोर उभे राहून फोटो काढत होते.

"पुलाला खोळ घातलीय," आई म्हणाली. "पण माप चुकलंय. ते बघा, खाली झोळ आलाय."

झोळ खरंच होता. तीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या बाईची नजर ती. पण मला खुपला तो 'बघा'. दोन वर्षांपासून आई मला अहोजाहो करायची. मी कुणीतरी भली बाई आहे आणि तिला सोबत करायला आले आहे, एवढं तिला कळायचं. आपल्याला मुलगी आहे हेही कधीमधी आठवायचं. त्या दोघी एकच आहेत, हे मात्र काही केल्या जुळायचं नाही.

तिचे डॉक्टर म्हणाले होते, कुठं न्यायचं असेल तर आत्ताच न्या. घरातल्या बटणांच्या डब्याच्या झाकणावर त्या पुलाचं चित्र होतं आणि आई उभ्या आयुष्यात त्या एकाच ठिकाणी जायचं म्हणाली होती. म्हणून मी रजा टाकली.

मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. तराजू, पेट्रोलपंप, कापडदुकानातल्या मीटरपट्ट्या तपासायच्या, हे माझं काम. पोलादी टेप कायम पर्समध्ये. लहानपणी मी घरातलं दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून आई मला मोजपट्टी म्हणायची. मी काय पाहिलं आणि काय नाही, हे सांगताना जपून सांगते आहे, ते एवढ्यासाठी.

दुसरा दिवस राजवाड्याचा. दोन तास रांग. आत सोन्याच्या मुलाम्याच्या एकसारख्या खोल्या, आणि शेवटी ते जगप्रसिद्ध चित्र, जे शंभरेक डोक्यांच्या पलीकडे पोस्टकार्डाएवढं दिसलं. आईला चित्रापेक्षा पडदे आवडले. "एवढे धुवायला किती जणी लागत असतील हो?" एवढंच ती म्हणाली. तिथून बाहेर पडल्यावर एका तळ्याकाठी आम्ही तासभर बदकं पाहत बसलो. तोवरच्या सहलीतला सगळ्यात चांगला तास तोच.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजाराकडे चाललो असताना पाऊस आला. आईचा स्वेटर भिजू लागला, म्हणून समोर दिसलं त्या दारात शिरलो. दारावर छोटी पाटी होती: संग्रहालय, दुसरा मजला. माझ्या माहितीपुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता.

लाकडी जिना, चौतीस पायऱ्या. वर एका टेबलाशी राखाडी स्वेटर घातलेली साठीची बाई बसली होती. तिनं दोन तिकिटं फाडली आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. फलक इंग्रजीत होता. इथं एक शिंपीण एकटी राहायची. नव्वद वर्षांपूर्वी एका दुपारी, हातातलं काम अर्धवट ठेवून ती जिना उतरून गेली. परत आली नाही. खोल्या होत्या तशा ठेवल्या आहेत. बस, एवढंच.

पहिली खोली स्वयंपाकाची, दुसरी निजायची, तिसरी कामाची. कामाच्या खोलीला रस्त्याकडे एक खिडकी. खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, बाजूला लाकडी पुतळा, त्याच्यावर लहान मुलीचा निळा फ्रॉक. एक बाही अर्धी जोडलेली, दुसरी टेबलावर पडलेली. दारात आडवा दोर.

मी फलक पुन्हा वाचायला मागे वळले, तेवढ्यात आई दोरापलीकडे गेली. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. मी घाईनं राखाडी स्वेटरवाल्या बाईची माफी मागितली. माझ्या आईला बरं नाही, तिला समजत नाही, असं काहीबाही मोडक्या इंग्रजीत म्हणाले. बाई उठून आली. आईकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मग दोराची कडी काढून दोर भिंतीला अडकवला.

"बसू द्या त्यांना," ती म्हणाली.

मशीनला पट्टा नव्हता. हे मी नीट पाहिलं. खालचं चाक आणि वरचं चाक यांना जोडणारा चामडी पट्टा झिजून कधीच गेलेला. दोन्ही चाकांच्या खाचा रिकाम्या, धुळीनं भरलेल्या. असलं मशीन चालू शकत नाही.

"इथं उजेड छान येतो," आई म्हणाली. "आणि तू अशी ओल्या केसांनी काय उभी राहिलीस? पूस आधी. सर्दी होईल."

मी केस पुसले. काय ऐकलं ते कळायला मला केस पुसून होईपर्यंतचा वेळ लागला.

"आई, मी कोण आहे?"

"हा काय प्रश्न झाला? मोजपट्टी आहेस तू माझी."

मी तिथंच जमिनीवर बसले. आम्ही तासभर बोललो. आई बाबांच्या आजारपणाबद्दल बोलली, दादाच्या लग्नात हरवलेल्या बॅगेबद्दल बोलली, माझं मोडलेलं लग्न तिनं तेव्हा इतकं मनाला का लावून घेतलं, हेही बोलली. एकदाही अडखळली नाही. पाऊस थांबला. मी तिचा हात धरून तिला जिन्याशी आणलं. तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि मान वळवून, अगदी आदबीनं म्हणाली, "तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या आई भाग्यवान आहेत."

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. म्हणाला, फोटो कुठायत? मी म्हणाले, पुलाचं काम चालू आहे, राजवाड्यात गर्दी होती. बाकी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? डॉक्टर म्हणतात की ओळखीच्या कामापाशी माणसाचं मन कधीकधी जागं होतं. मी स्वतःलाही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी डोंगरावरच्या किल्ल्याला जायचं होतं. वर नेणाऱ्या रोपवेच्या पाळण्याची तिकिटं काढलेली होती. ती तशीच हॉटेलात राहिली. दहाला दार उघडलं तेव्हा आम्ही पायरीवर उभ्या होतो. राखाडी स्वेटरवाल्या बाईनं काही विचारलं नाही. दोर आधीपासूनच भिंतीला अडकवलेला होता.

उंबरा ओलांडला आणि आईनं माझा हात सोडून डोळे चोळले, दुपारची झोप झाल्यावर चोळते तसे.

"किती दिवस झाले गं मला?" तिनं विचारलं.

"कसले?"

"हे असं. नसण्याचे."

"दोन वर्षं."

"फार त्रास देते का तुला?"

"नाही."

"खोटं बोलताना तू नाक खाजवतेस," आई म्हणाली. "मी तुला काय म्हणते तेव्हा?"

"अहो म्हणतेस. बाई म्हणतेस."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मला रडू येत होतं, ते तिला दिसू नये म्हणून मी शेजारच्या खोलीत गेले. तिथला लोखंडी पलंग, त्यावरची नीट घडी घातलेली रजई पाहत उभी होते, तेव्हा कामाच्या खोलीतून आवाज आला. मशीनचा. सुरुवातीला सावकाश, मग लयीत. लहानपणी त्या आवाजावर मला झोप लागायची.

मी दारात गेले तर आईचे हात मांडीवर होते. चाकं स्थिर होती. पट्टा नव्हताच.

आदल्या दिवशी सवयीनं मी त्या बाहीचं माप घेतलं होतं. मुंढ्याला जोडायची राहिलेली जागा अकरा सेंटिमीटर होती. आता मी टेप काढून पुन्हा मोजली. सात. नवी टीप बारीक, एकसारखी होती. आईची टीप मी कुठंही ओळखते. दोन वर्षांत तिला सुईत दोरा ओवता आला नव्हता. स्वेटरची बटणंही मीच लावायची.

"शिपाई आला का मोजणीला?" आई हसून म्हणाली. "राहू दे गं. मला करू दे."

निघताना राखाडी स्वेटरवाली बाई म्हणाली, "उद्याही दहालाच उघडतं." मी म्हणाले, उद्या संध्याकाळी आमचं विमान आहे. तिनं मान डोलावली आणि माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं.

हॉटेलात आईनं जेवणाच्या ताटाकडे पाहून विचारलं की हे आपलंच का. मी हो म्हणाले. तिचे केस विंचरताना मी हिशेब मांडत होते: व्हिसा किती दिवसांचा आहे, रजा किती शिल्लक आहे, इथं एखादी खोली भाड्यानं मिळेल का. मला ठाऊक होतं की यातलं काही जमणार नाही. तरी मी मांडत होते. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या दिवशी सामान हॉटेलच्या माणसाकडे ठेवून आम्ही पुन्हा त्या चौतीस पायऱ्या चढलो.

त्या दिवशी आई लगेच कामाला लागली. तिनं मला पुतळ्यामागे उभं केलं, फ्रॉकचा खांदा धरायला सांगितलं. क्लासातल्या मुलींना सांगायची तसं, ताणू नकोस, नुसता धर, म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. मशीनचा आवाज सुरू झाला. मी डोळे उघडले नाहीत.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "एक बाही झाली. दुसरी राहिलीय."

"आई, विमान आहे."

"माहीत आहे मला." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं उबदार होती, तेलाचा वास होता त्यांना. "तू हो पुढे, टॅक्सी बघ. मी आवरून येतेच."

मी गेले. एवढं मात्र मी कबूल करते, की मागे न पाहता गेले.

टॅक्सी लगेच मिळाली. पाचच मिनिटांत आई कठडा धरून जिना उतरली. स्वेटरची सगळी बटणं तिनं स्वतः लावली होती, अगदी गळ्यापर्यंत. मी दार उघडून धरलं. ती मागच्या सीटवर बसली आणि गाडीच्या काचेवरून बोट फिरवून पाहू लागली. मला हायसं वाटलं. मी वाकून तिच्या अंगावर शाल नीट करत होते.

तेव्हा वरून हाक आली.

"मोजपट्टी, पोहोचलीस की फोन कर गं."

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. पडदा हलत होता.

गाडीतल्या बाईनं वर पाहिलं नाही. ती काचेवरून बोट फिरवत होती.

मी जिना चढले. वर दार बंद होतं. दारावर 'बंद' अशी पाटी लावलेली. आतून मशीनचा आवाज येत होता.

मी दार वाजवलं. आवाज थांबला.

मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. मी हात खाली घेतला, तसा तो पुन्हा सुरू झाला, सावकाश, मग लयीत.

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. गाडीत एक म्हातारी एकटी बसली होती. परका देश, भाषा येत नाही, हातात तिचं तिकीट नाही. तिला तसं सोडून मी कुठं राहणार होते?

मी उतरले. तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. हात आईचाच होता. अंगठ्यावरचा कात्रीचा जुना घट्टाही होता.

विमानात ती खिडकीला नाक लावून बसली. दोन्ही वेळा नीट जेवली. मी काही विचारलं की मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोहोचलो. दाराशी ती थांबली, मी आत गेल्यावर माझ्यामागून आली, आणि भिंतीला हात लावत लावत एकेक खोली पाहून आली. आजारपणात असं होतंच, असं मी स्वतःला म्हणाले. तिला तिच्या पलंगावर निजवलं. लगेच झोप लागली तिला. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन बसले.

संग्रहालयाच्या तिकिटामागे फोन नंबर छापलेला होता. तिथं तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते, म्हणजे उघडायला अजून तास होता. कुणी उचलणार नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच बहुधा मी तो नंबर लावला.

दुसऱ्याच घंटेला उचलला. मागे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"पोहोचलीस?"

"हो," मी म्हणाले.

"दोघी?"

मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "हो. झोपलीय आत."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, तिच्या नेहमीच्या, समजावणीच्या सुरात, "तिला जरा सांभाळून घे हं. आपलं घर नवीन आहे तिला."