चौथी बाई पेणला निघते

गोळ्या अस्सल निघाल्या.

प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा औषध निरीक्षक वैशाली ठोंबरे रोह्यात, डॉ. हमिदांच्या दवाखान्यात बसली होती. ऐकून हमिदांना हायसं वाटायला हवं होतं.

"मग तीन बायका पेणला का गेल्या?" हमिदा म्हणाल्या.

तेच तर. हमिदांच्या गर्भपाताच्या गोळ्या बोगस आहेत, अशी पेणच्या डॉ. सुशीलची तक्रार होती. तिघींचा गर्भ तसाच राहिला, म्हणे. त्यालाच त्यांच्या गर्भपिशव्या साफ कराव्या लागल्या. तिघींनीही जबाब द्यायला नकार दिला होता.

"शेकड्यात दोन-चार वेळा गोळी फसते," हमिदा म्हणाल्या. "पण पाठोपाठ तीनदा?"

साफसफाईवाल्या कृष्णाबाईने चहा ठेवला. "आता चौथी. नदीपलीकडच्या अष्टमीची उमामा. दुपारी पेणला नेतायत."

"तुला कोण म्हणालं?" हमिदांनी विचारलं.

"मी जाते ना बघायला. काळजी वाटते हो बायकांची."

संशयित पहिली: गोळी. खोडली.

संशयित दुसरी: सासू.

कुंडलिकेचा पूल ओलांडून वैशाली अष्टमीत पोचली. उमामाचा नवरा अदनान कामासाठी कतारमध्ये, दोह्याला होता. दार सासूने, नफिसाने उघडलं आणि पुढची सगळी उत्तरंही तिनेच द्यायला घेतली.

"पहिली गोळी कुठे घेतली?"

"डॉक्टरीणबाईंसमोर."

"बाकीच्या?"

"माझ्या कपाटात होत्या. चावी माझ्या कमरेला."

"तुम्हाला तीन नाती. नातू हवा होता?"

"हवा होता. म्हणून सुनेला मारू काय? मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचली ही. तुमचं लगीन झालंय काय गो?"

"नाही."

"मंग गप बसा."

वैशाली उमामाकडे वळली. "गोळ्यांनंतर अंगावरून गेलं?"

"खूप. पोटात मुरड्यावर मुरडा. मग कमी झालं."

"आता?"

"आता बरी हाय. उलट्या थांबल्या. जेवण जातंय."

वैशाली थबकली. गोळ्या बदलल्या असत्या तर एवढं रक्त गेलंच नसतं. आणि गर्भ तसाच असेल तर उलट्या का थांबल्या?

"मग फसलं कशावरून?"

"गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या ना. कृष्णामावशीनं घरी आणून दिली. गोळ्यांना आठवडा पण झाला नव्हता."

"डॉक्टरांकडे का नाही गेलीस?"

उमामा खाली बघू लागली. नफिसाच बोलली, "दवाखान्याच्या बाकावर बसलं की सगळा मोहल्ला विचारतो, काय झालं."

सासू. खोडली.

संशयित तिसरी. नाव नंतर. आधी रोह्याचा सरकारी दवाखाना, तिथली सोनोग्राफी. मग गाडी पेणच्या वाटेला, मागे उमामा आणि नफिसा.

वडखळला वाहनं खोळंबली. उमामा सकाळपासून उपाशी होती, ऑपरेशनसाठी. तिने विचारलं, "भूल दिल्यावर माणूस उठतो ना, मॅडम?"

सरकारी डॉक्टरांनी काय सांगितलं, ते वैशालीने तिला अजून कळू दिलं नव्हतं. वैशालीला ते आतल्या आत खात होतं. पण कळलं असतं तर उमामाचा चेहरा सुशीलसमोर खोटं बोलला नसता.

"तुमची तक्रार तपासतेय," तिने सुशीलला सांगितलं. "चौथी बाई आणलीय."

सुशील खुलला. त्याने उमामाची सोनोग्राफी केली, पडद्यावर बोट ठेवलं. "बघा. गर्भ कायम आहे. आत्ताच साफ करावं लागेल."

"लेखी द्या."

त्याने लिहून सही केली. शेजारी वैशालीने सरकारी सोनोग्राफी ठेवली. त्याच सकाळची. पिशवी रिकामी.

"गोळी फसलीच नव्हती, डॉक्टर. गर्भ पडला तरी गरोदरपणाचं द्रव्य अंगातून जायला काही आठवडे लागतात. तोवर पट्टी दोन रेघा दाखवणारच. म्हणून हमिदा पट्टी देत नाहीत, दोन आठवड्यांनी तपासायला बोलावतात. बायका लाजेने जात नाहीत, हे तुम्ही हेरलंत. हमिदांकडे कोण येतं हे कृष्णाबाई बघते. पट्टी नेते. भीती घालून तुमच्याकडे पाठवते. गोळ्या आल्यापासून रोह्याच्या बायका तुमच्याकडे यायच्या बंद झाल्या होत्या ना? धडधाकट बायकांना तुम्ही भूल देऊन टेबलावर घेतलंत."

"कृष्णाबाई काहीही बोलेल."

"बोललीय. रोह्यात जबाब चालू आहे तिचा."

सुशीलने खुर्ची मागे सरकवली. हसलाही. "आणि तक्रारीवर नाव कोणाचं? त्या तिघींचं? की हिचं? हिने काय केलं ते उद्या अष्टमीत घरोघर कळेल."

उमामाने ओढणी चेहऱ्यावर घेतली.

"लिवा," दाराकडून आवाज आला. "नफिसा मुसा. हिची सासू."

"अम्मी, मोहल्ल्यात..."

"मोहल्ला येनार होता काय गो, तुझ्या बदल्यात टेबलावर झोपायला?" नफिसा टेबलाशी आली. "लिवा, मॅडम. आणि कुठं सही करायची ते दाखवा. मला येते सही."