पोटाला लावायची तार

रय शहराच्या बाजारात माहदुख्तच्या बाबांचं वाद्यांच्या तारांचं दुकान होतं. मेंढीची आतडी धुवायची, पिळायची, सुकवायची... बोटं सोलून निघायची, पण माहदुख्तसारखी बारीक तार कुणी वळत नसे. वादक ती हौसेनं नेत.

एका दुपारी एक दमलेला तरुण आला.

"सगळ्यात बारीक तार द्या."

"कोणत्या सुराला?"

"सुराला नाही – पोटाला."

तिनं मान वर केली. तो ओशाळला. फिरोजान त्याचं नाव, इस्पितळात शस्त्रक्रिया करणारा हकीम. फाटलेलं पोट रेशमानं शिवलं तर धागा मागाहून ओढून काढावा लागतो. आतड्याची तार आतल्या आत विरून जाते, असं त्याच्या गुरूंनी शिकवलं होतं.

"माझ्या तारा विरतात, हे चारचौघांत सांगू नका हं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक पळेल."

तो हसला. मग दर आठवड्याला येऊ लागला. एक तार निवडायला त्याला फार वेळ लागायचा... बाबा उगाच खोकून आत निघून जायचे.

पानगळीच्या दिवसांत बाबा आतडी आणायला कत्तलखान्यात गेले, आणि एका बिथरलेल्या बैलाचं शिंग त्यांच्या पोटात घुसलं.

फिरोजाननं तिच्यापासून काही लपवलं नाही. "अशी पाच पोटं मी शिवलीत. दोन माणसं जगली. शिवू?"

"शिवा."

तिनंच स्वतः वळलेली तार सुईत ओवून दिली. त्यानं पहिला टाका घातला.

टाके टिकले, ताप मात्र हटला नाही. नवव्या दिवशी बाबा गेले.

त्यानंतर फिरोजान दुकानाकडे फिरकला नाही. चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर तीच इस्पितळात गेली. तो खलात औषध कुटत होता.

"कोणत्या तोंडानं येणार होतो मी?" तो खाली बघत म्हणाला.

"नऊ दिवस मिळाले आम्हाला. जन्मात बोललो नव्हतो, इतकं बोललो... बाबा आईबद्दल बोलले. मग एकदा विचारलं, हा हकीम तुला आवडतो ना?"

त्याचा हात थांबला. "आणि – तुम्ही?"

"मी हो म्हणाले."

त्यानं खल बाजूला सारला. "ते जखमी झाले, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे तुम्हाला मागणी घालायला येणार होतो," तो म्हणाला.

"त्यांचं उत्तर मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली.