दोन हलके, एक पूर्ण

गाड्यांना मी कधी घाबरलो नाही. उभा जन्म त्यांच्या पोटाखाली झोपून काढला. माणसांपेक्षा गाड्या बऱ्या, बिघडल्या की निदान आवाज तरी करतात. पण आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे पाहत एकट्यानं बसायची आता माझी छाती होत नाही. तो दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगतो.

काम साधंच होतं. ताईची जुनी पिकअप होती, तिचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे. ताईची रोपवाटिका वर टेकडीवर, बाजार खाली, आणि मधे तो लांबलचक उतार. त्याच उतारावर वर्षापूर्वी भाऊजी गेले. गाडी हीच होती, कुंड्यांनी गच्च भरलेली. उतरता उतरता ड्रम तापले, आणि एकदा ते तापले की पेडल कितीही दाबा, चाक धरत नाही. शेवटच्या वळणावर गाडी दगडी कठड्यावर आदळली. आम्ही पोचलो तेव्हा पेडल तळाला टेकलेलं होतं आणि भाऊजींचा बूट त्यावर तसाच होता. तो पाय तिथून उचलायला दोघांना जोर लावावा लागला.

"विकून टाक ही गाडी," मी ताईला कितीदा म्हटलं.

पन्नाशी उलटली तरी ती मला छोट्याच म्हणते. "छोट्या, त्यांचा हात लागलेली एवढी एकच वस्तू उरलीय. तू ब्रेक नीट कर. सोमवारपासून मी चालवणार आहे."

विषय संपला. तिच्यापुढे भाऊजींची डाळ कधी शिजली नाही, तिथे माझी काय शिजणार? बहीण एकच आहे, आणि त्या उतारावर ती माझ्या हातच्या ब्रेकवर जाणार होती. म्हणून प्रत्येक बोल्ट मी दोनदा आवळून पाहिला. पेडलचा जोर नळ्यांमधल्या तेलाला देणाऱ्या जुन्या सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक झडप असते. ती ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम धरून ठेवते. डिस्कला ती चालत नाही, पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो. ती झडप मी आठवणीनं काढली आणि खिशात टाकली. हे ध्यानात ठेवा.

शेवटी उरलं नळ्यांमधली हवा काढणं. हे काम एकट्याचं नाही. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकापाशी एक छोटा स्क्रू सैल करायचा, हवा आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, स्क्रू पुन्हा आवळायचा आणि मग ओरडायचं, "सोड!" त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत शिरते आणि केलं-सवरलं पाण्यात जातं. म्हणून आमच्यात नेमच आहे, छप्पर कोसळलं तरी 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पूर्वी वर भाऊजी बसायचे. "मेहुणेबुवा, तुम्ही सांगायला विसरलात तर मी म्हातारा होईपर्यंत धरून बसेन हं," असं म्हणून हसायचे.

त्या दिवशी वर ताई बसली. बाहेर भरदुपारी धुकं दाटलं होतं, वीज गेली होती, आणि माझ्याजवळ तेवढा बॅटरीचा हातदिवा होता. तिचा घसा बसला होता. ठरलं असं की पेडल धरलं की तिनं दुसऱ्या पायाची टाच एकदा गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आपटायची. "आणि भाऊजींसारखं दाबू नकोस," मी बजावलं. त्यांची सवय होती, दोन हलके आणि एक पूर्ण. जुन्या ड्रमना तसंच लागायचं. डिस्कला एकदाच, सावकाश दाबायचं.

लांबचं चाक आधी, चालकाजवळचं शेवटी, असा क्रम असतो. मागची दोन्ही चाकं झाली. वरून ताईच्या चपलेचा फट असा मऊ आवाज यायचा, मी स्क्रू फिरवायचो, 'सोड' म्हणायचो. मग मी तेल झेलायची बाटली आणि नळी घेऊन सरपटत पुढे आलो.

"दाब."

वर पेडल करकरलं. दोन हलके, एक पूर्ण. मग टाच वाजली. टक.

"अगं, तसं नको म्हटलं ना… एकदाच."

मी काम चालू ठेवलं. पुन्हा दोन हलके, एक पूर्ण, आणि टक. तो आवाज चपलेचा नव्हता, हे माझ्या कानांना कळलं होतं. डोक्यानं मात्र कळून घ्यायचं नाकारलं. बाटलीतले बुडबुडे कमी झाले, थांबले. इतकं सफाईनं पेडल धरणारं माणूस मला वर्षभरात मिळालं नव्हतं.

शेवटच्या चाकापाशी वास आला, करपलेल्या ब्रेकचा. आदळल्यानंतर त्या दिवशी उतारावर पसरला होता तोच. मी डिस्कला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कोरी करकरीत डिस्क, जी अजून एक फेरासुद्धा फिरली नव्हती, ती चटका बसेल इतकी तापली होती.

"ताई… बरी आहेस ना गं?"

टक.

मी स्क्रू सैल केला. स्वच्छ तेल आलं. स्क्रू आवळला, आणि 'सोड' म्हणायला तोंड उघडणार तोच गॅरेजच्या दारातून घोगरा आवाज आला.

"कुणाशी बोलतोयस?"

दारात ताई उभी होती. हातात वाफाळणारे दोन पेले होते. "मागचं झालं तेव्हा गरम पाणी आणायला गेले. तुला सांगितलं की… हूं म्हणालास."

मी गाडीखालून कसा बाहेर आलो, मला आठवत नाही. गाडीत कुणी नव्हतं. पेडल दाबलेलं होतं, आणि मागच्या भिंतीवर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडला होता. मी पेडलखाली हात घालून वर ओढलं. ते हललं नाही. खिसा चाचपला. झडप खिशातच होती.

ताई किती तरी वेळ त्या पेडलकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटलं.

"छोट्या… त्यांना सांग ना. सोडा म्हणून."

मी तोंड उघडलं. आणि मला तो उतार दिसला, सोमवार दिसला, स्टिअरिंगमागे बसलेली माझी बहीण दिसली. मी तोंड मिटलं.

सोमवारी मी हट्टानं तिच्याशेजारी बसलो. गाडी निघावी एवढ्यापुरतं पेडल मोकळं झालं होतं. मागे कुंड्या हिंदकळत होत्या. उतार सुरू झाला तेव्हा माझी नजर तिच्या पायांवर होती. दोन्ही पाय चटईवर होते. मधलं पेडल आपोआप खाली गेलं. दोन हलके, एक पूर्ण. शेवटच्या वळणावर गाडी माणसाच्या चालीनं वळली, आणि ताई समोर बघत हळूच म्हणाली, "सांभाळून हं… कुंड्या आहेत."

खाली पोचल्यावर तिनं विचारलं, "तू अजून म्हणाला नाहीस ना त्यांना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग राहू दे," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस."

त्या थोड्या दिवसांना आता बरेच दिवस झाले. ताई रोज उतरते, रोज सुखरूप परत येते. मी सुखानं झोपायला हवं. पण संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लागते, मी बॅटरीची तार काढून ठेवतो, आणि तरी मागच्या भिंतीवर तो लाल उजेड हळूहळू उमटतो. भाऊजींनी माझं लग्न लावून दिलं, मला धंद्याला लावलं, आणि मी त्यांना 'सोडा' एवढा एक शब्द म्हणत नाही. तो शब्द रोज ओठांवर येतो. रोज उद्याचा उतार आठवतो, आणि मी दिवा घेऊन बाहेर पडतो.

पूर्वी तो उजेड भिंतीवर स्थिर असायचा. गेल्या आठवड्यापासून तो थरथरतोय, फार वेळ दाबून धरलेला पाय थरथरतो तसा.