नावामागचं शून्य

बसा इथंच, खिडकीपाशी. दिवे गेलेत, इन्व्हर्टरवर हा एकच चालतो. त्या दिवशीही असंच होतं. भर दुपार, पण महाडात अंधारून आलेलं, नि सगळीकडे ओल्या भिंतींचा कुबट वास. छपाईच्या यंत्राचा कागद संपला होता. बाजारातून नवी गुंडाळी आणली नि बसवली. एवढंच काम होतं हो.

मी दीक्षा. कॉम्प्युटरचा क्लास चालवते, सी नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. आंबेनळी घाटाखाली आमच्या वाडीवर मागं दरड आली, त्यात मंजुळामावशीचा नवरा, माझा धोंडूमावसा गेला. सापडलासुद्धा नाही. त्यानंतर मी डोंगराचा कल मोजणाऱ्या पेट्या बनवल्या, घरोघरी एक. पेटी एक नोंद पाठवते: घरातल्या बाईचं नाव, पाऊस, कल, सगळं एकामागून एक जोडलेलं. इथलं यंत्र ती छापतं. पेटीच्या छोट्या पडद्यावरही तीच ओळ उमटते.

मंजुळामावशी हट्टाला पेटली होती. "माझं नाव मराठीत लिव गो. विंग्रजीत ते माझं वाटत नाय." लिहिलं. आता सीमध्ये नावाला मेमरीत मोजून घरं द्यावी लागतात, आणि नाव संपलं हे सांगायला शेवटच्या घरात शून्य. शून्य दिसलं की छपाई थांबते. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं. आपल्या 'म'ला तीन, वरच्या टिंबाला आणखी तीन! मावशीचं नाव काठोकाठ भरलं, शून्याला जागाच उरली नाही. मग छपाई पुढं धावते. पुढं मी थोडी जागा मोकळी सोडली होती, लागली तर असावी म्हणून. मोकळ्या जागेत काय असतं? कचरा. चौकोन नि वेडीवाकडी चिन्हं. पोरं दर वर्षी ही चूक करतात नि माझ्या शिव्या खातात.

यंत्र कुरकुरलं. कागदावर आलं:

मंजुळा गो भायेर ये

मी हसले... मग हसू गेलं. 'भायेर'. माझ्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये हा शब्द नव्हता. धोक्याची सूचना 'बाहेर पडा' अशी शुद्ध होती, मीच लिहिलेली. भायेर मावसा म्हणायचा.

पुन्हा कुरकुर. पुन्हा तीच ओळ. शेजारी कलाचा आकडा मात्र जागच्या जागी होता. डोंगर तसूभर हललेला नव्हता.

मी मावशीला फोन लावला.

"जयभीम मावशी. पेटीवर काय दिसतंय?"

"डोळ्याला लावून वाचलं गो..." आवाज अगदी हळू. "पन त्याच्या आधी ऐकलं. तुझा मावसा हाका मारतोय."

"कुठून?"

"जुन्या दरडीच्या अंगानं. दोनदा झाली. तिसरी आली की ओ देनार... नि जानार."

आमच्याकडे पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. मेलेला माणूस तिसरी हाक मारत नाही, म्हणतात.

माझं डोकंच फिरलं. असल्या पावसात, मोतीबिंदूचे डोळे घेऊन ही बाई दरडीकडे निघणार! "बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई तू, नि हाका कसल्या ऐकतेस? कचरा आहे तो, मागं शून्य नाही म्हणून छापला जातोय. दाराला कडी घाल. माझी शपथ आहे, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."



"तू म्हनतेस तर... बसते."

मग कडी वाजली. काय बरं वाटलं मला त्या आवाजानं!

मी लगेच नावाची घरं वाढवायला बसले. यंत्र तिसऱ्यांदा कुरकुरलं, मी मान वर करून पाहिलं. तीच ओळ. तिसरी. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला... लागेना. त्यानंतर मावशीची पेटी बोललीच नाही.

डोंगर पेटीच्या खूप वरून सुटला होता. पेटीला कळायचा प्रश्नच नव्हता.

शेजारच्या राहीबाई रडत म्हणाल्या, "पिशवी घेऊन उंबऱ्यात हुबी होती गो मंजुळा. तुझा फोन आला नि परत आत गेली." बाकीची वाडी वाचली. मावशी कडी घातलेल्या दाराआड सापडली. माझं ऐकलं हो तिनं, कधी नव्हे ते. आईला तोंड दाखवायची हिंमत नाही माझ्यात, अजूनही नाही.

पुढं एके दिवशी ती पहिली नोंद उघडली. छापलेली नव्हे, आतली कच्ची, एकेक घर करून. छपाई शून्यापाशी थांबते, सांगितलं ना मघाशी? तर 'ये'च्या मागं एक शून्य पडलेलं होतं. म्हणून कागदावर तेवढंच आलं. शून्याच्या पलीकडं कोण कशाला बघतं? मीही बघितलं नव्हतं.

तिथं आणखी एक ओळ होती. मी फोन हातात घ्यायच्याही आधी आलेली.

दीक्षे तिला अडवू नको