तिच्या उंचीचं टेबल

सिप्रियनच्या वखारीत त्या दुपारी एकच सागवानी फळी धड उरली होती, आणि ती दोघांनाही हवी होती.

जागृतीने ती आधी पाहिली होती. घरी बाबांचं ओट्यावरचं बाकडं मोडलं, म्हणून ती गास गावाहून सायकल दामटत पापडीला आली होती. फळीला हात लावते न लावते तोच एका उंच, किडकिडीत माणसाने तिचं एक टोक उचललं.

"ओ, ती मी घेतेय," ती त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली.

त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एक डोळा मिटून फळी सरळ आहे का ते बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. एवढा माज? फळीचं दुसरं टोक जमिनीवर होतं, त्यावर ती सरळ जाऊन बसली. तेव्हा कुठे तो दचकून वळला.

"सॉरी... काही म्हणालात?"

"दोनदा."

तो ओशाळून हसला, आणि तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही.

"मला टेबल करायचंय," तो म्हणाला. "गाणी रेकॉर्ड करायला. घरच्या घरी."

"तुमच्याकडे टेबलावर बसून गातात?"

"गाणारा खाली उभा असतो. टेबलावर मिक्सर असतो."

"मिक्सर आमच्याकडेही आहे. चटणी बरी होते."

सिप्रियनने फळी कापून भांडण मिटवलं. बाकड्यापुरता तुकडा तिला, उरलेली त्याला. तो जितेंद्र, नालासोपारा पश्चिमेला आईबरोबर राहायचा. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओतली नोकरी सोडलीय, आता स्वतःचं काहीतरी उभं करायचंय, असं त्याने सांगितलं. तुकडा सायकलला बांधून देताना त्याने विचारलं, "तुम्ही गाता?"

"आई गायची. धवले... लग्नातली आमची गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंत. आमच्या खाडीकाठच्या गावांत हंसाबाई, म्हणजे माझी आई, आल्याशिवाय लग्न उभं राहायचं नाही." ती जरा थांबली. "गेल्या साली काविळीनं गेली. टेप कुणीच केली नव्हती. मला येतात बरीचशी. पण... निसटत चाललीत."

"मग टेबल झालं की या."

"कधी होईल?"

"दुसरं टोक धरायला कुणी असलं, तर लवकर."

ती दुसरं टोक धरायला जाऊ लागली. ती शिकवायची ती बालवाडी सुटली की सायकल आपसूकच नालासोपाऱ्याकडे वळायची. टेबल म्हणजे चार पाय आणि वर फळी, असं तिला वाटलं होतं. पण याला मिक्सर आत बसेल असा खळगा हवा, तारा जायला मागे भोक हवं, आणि स्पीकरसाठी उंच फळी हवी. "बसल्यावर स्पीकर कानासमोर आला पाहिजे," तो सांगायचा, "नाहीतर ऐकू येतं ते खोटं." चिकटवलेल्या फळ्या दाबून धरायला काही नव्हतं, तेव्हा त्याच्या आईने, सुनंदाकाकूंनी, स्वयंपाकघरातला पाटा आणून वर ठेवला. जागृती पॉलिश पेपर घासायची, तो रंधा मारायचा. तिच्या वेणीत भुसा, त्याच्या पापण्यांवर भुसा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

एका दुपारी तो टेबलाखाली वाकून स्क्रू पिळत होता. ती डाव्या बाजूला, अगदी खांद्याशी बसली होती. त्याच्या मानेवर घामाचा एक थेंब ओघळत होता... आणि तो बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं, "जितेंद्र... मला तुझ्याबरोबरच राहायचंय. कायमचं."

तो स्क्रू पिळत राहिला. मग हात मागे करून म्हणाला, "बारका स्क्रू दे ना एक."

तिने स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. पुन्हा गेली नाही.

शेवटी एक दिवस सुनंदाकाकूच शोधत आल्या, थेट वांग्याच्या वाफ्यात. साडीला चिखल लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"तो काय बोलला तुला?"

"काहीच नाही, काकू. तेच तर."

"कुठल्या बाजूला होतीस?"

जागृतीला प्रश्नच कळला नाही.

"डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही गं. लहानपणीच्या तापात गेला तो कान. आता उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणतात, नस सुकतेय. राहील तोवर राहील." त्या बांधावर बसल्या. "नोकरी सोडली नाही त्यानं. काढलं त्याला."

जागृतीचे बाबा शत्रुघ्न तांब्या घेऊन आले. "पानी घ्या बाय," एवढंच म्हणाले.

ती त्याच्या घरी पोहोचली तेव्हा जितेंद्र टेबलाशी नुसताच बसला होता. ती मुद्दाम उजवीकडे जाऊन उभी राहिली.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आवाजाचं काम करणारा बहिरा होतोय म्हणून? स्टुडिओत एका रेकॉर्डिंगमधली डावीकडची खरखर मला ऐकूच आली नाही. आख्खं काम वाया गेलं, तेव्हा तिथे सगळ्यांना कळलं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू जा, जागृती. उद्या तू हाक मारशील आणि मी दगडासारखा बसून राहीन."

"तसं एकदा झालंय. मी काहीतरी बोलले होते त्या दिवशी."

त्याने मान वर केली. "काय?"

"आत्ता नाही सांगणार. आधी आईची गाणी."

भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून, लोडशेडिंग सांभाळून ते काम करू लागले. ती गायची. अडली की कोपऱ्यात बसलेले बाबा हळूच पुढची ओळ सांगायचे. जितेंद्र हेडफोन उजव्या कानावर दाबून धरायचा. आधी बांगड्यांची किणकिण त्याला ऐकू येईनाशी झाली. मग तिच्या गळ्यातले वरचे सूर. कानाला मशीन लावलं, तर ते नुसतं शिट्ट्या मारायचं. पुढे पुढे तो ऐकायचा कमी, मिक्सरवरचे दिवे बघायचा जास्त. गाणं संपलं की विचारायचा, "बरं झालं?" त्याचं ते विचारणं तिला सोसायचं नाही. कितीतरी वेळा ती गच्चीत जाऊन डोळे पुसून यायची.

तो तिला शिकवू लागला. कुठलं बटण कशासाठी, आवाज फाटतो म्हणजे काय, गाण्यातला श्वासाचा आवाज कुठे कापायचा. घाईघाईने, जणू गाडी सुटायची होती.

एकदा ती आली, तर टेबल उलटं करून ठेवलेलं, आणि तो करवतीने त्याचे पाय कापत होता.

"अरे, काय करतोयस?"

त्याला ऐकू आलं नाही. ती समोर जाऊन बसली, तेव्हा तो थांबला.

"माझ्या मापाचं केलं होतं," तो म्हणाला. "तुझे खांदे वर येतात. इथे आता तू बसायचंस."

"मी नाही बसणार," ती म्हणाली. त्याने तिच्या ओठांवरून ओळखलं.

"मग कोण बसणार? मी?"

ती रडली, तिथेच, भुशात बसून. त्याने समजूत घातली नाही. त्याचेही डोळे भरले होते. मग तिने उलट्या टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि त्याने करवत पुन्हा चालवली.

पाठवणीचं गाणं शेवटी उरलं होतं. ते जागृतीने टेबलाशी बसून स्वतःच रेकॉर्ड केलं, स्वतःच ऐकलं. जितेंद्र समोरच्या स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. गाणं संपल्याचं त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"झालं?"

तिने मान डोलावली.

"मग आता सांग, त्या दिवशी काय बोललीस. नाहीतर राहू दे... मीच सांगतो. माझ्याशी लग्न कर, जागृती. मला तू हवीस. मला फार भीती वाटते, आणि तू हवीस."

आपला आवाज किती चढलाय हे त्याला कळत नव्हतं. खिडकी उघडी होती. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडी घासणं थांबलं. स्वयंपाकघरात सुनंदाकाकू दाराआड उभ्या राहिल्या. जिन्यात बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या.

एरवी हळू बोलणारी जागृती उठली. तिने त्याला गप्प केलं नाही, खिडकीही लावली नाही. त्याचा चेहरा ओंजळीत धरून आपल्याकडे वळवला आणि सगळी बिल्डिंग ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तेच बोलले होते."