एल्डन फ्लेटची मागे राहिलेली कुपी

मनाने रचायची असती तर ही गोष्ट मी मध्यरात्रीची सांगितली असती. पण हे घडलं जानेवारीतल्या एका शनिवारी, भर दुपारी, विनिपेगच्या एका क्षयरोग प्रयोगशाळेत. अक्षरन् अक्षर खरं आहे.

लोरेन फ्रीसन आत काम करत होती. दुसऱ्या टोकाला तिचा सहकारी बोहदान. दोघांच्या डोक्यावर जंतूंपासून वाचवणारे, पंख्याने गाळलेली हवा देणारे टोप. टोपाच्या पंख्याच्या घरघरीत मागचं काही ऐकू येत नाही. म्हणून तिथे एक रीत आहे. कुणाच्या मागून जाताना खांद्यावर दोनदा थोपटायचं. ज्याला थोपटलं त्याने हात जागच्या जागी थांबवायचे.

लोरेनने एक कुपी काढली. झाकणाला हात लावला...

खांद्यावर दोन थापा.

ती थांबली. मागून कुणीच गेलं नाही.

पुन्हा झाकण धरलं... पुन्हा दोन थापा. या वेळी हात खांद्यावरच राहिला.

"बोहदान, चेष्टा पुरे हं!" ती ओरडली.

"मी? अगं, इथून तिथे हात पोचायला मी काय जिराफ आहे?"

लोरेनने कुपी खाली ठेवली. कारण ती कुपी तिथे असायलाच नको होती.

एल्डन फ्लेट हे उत्तरेकडच्या क्री आदिवासींपैकी एक म्हातारबा. घरात सगळ्यांना क्षय झाला, त्यांना कधीच नाही. जंतू त्यांच्या फुप्फुसात शिरायचे आणि तिथेच मरायचे. असं का, ते शोधायला त्यांनी मरताना फुप्फुसाचा तुकडा दिला. अट एकच: काम संपलं की कणन् कण परत, त्यांच्या कबरीत.

लोरेनने शब्द दिला होता. तरी परत पाठवताना त्यांच्या पेशींची एक कुपी मागे ठेवली. या कामात सगळेच ठेवतात, असावी म्हणून. आणि त्यांच्या लेकीला, डार्लीनला, सांगितलं, "सगळं पाठवलंय."

त्या दुपारी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येताच तिने फोन लावला.

"डार्लीन, एक कुपी राहिली होती. म्हणजे... मीच ठेवली होती."

"तरीच," डार्लीन म्हणाली. "म्हातारा रोज दारात येऊन उभा राहतो. म्हटलं, बाबा, एकतर आत या नाहीतर दार लावा, आम्ही गारठलोय. ऐकतोय कुठला! नुसता मागे वळून बघत राहतो."

दोन दिवसांनी डार्लीन येऊन कुपी घेऊन गेली. रागावलीसुद्धा नाही. लोरेनला तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात डार्लीनचाच फोन आला.

"पुरलं सगळं. पण बाबा अजून दारातच आहेत... डॉक्टर, आणखी काही राहिलंय का हो?"

लोरेनकडे आता खरंच काही नव्हतं. पण पहिल्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या एका संशोधक मैत्रिणीने त्या पेशी मागितल्या, तेव्हा तिने दिल्या होत्या. मैत्रिणीने त्या वाढवून बॉस्टनच्या प्रयोगशाळेला दिल्या. तिथून पुढे कुणाकुणाला, देव जाणे. मागितलं की द्यायचं, एवढंच या कामातल्या सगळ्यांना ठाऊक. त्यात कुणाला कधी काही वाटलंच नव्हतं.

"डॉक्टर? आहात ना?"

लोरेन घरी, स्वयंपाकघरात एकटीच होती. डोक्यावर टोप नव्हता, पंखा नव्हता. मागून कुणी आलं असतं, तर ऐकू आलं असतं.

काहीच ऐकू आलं नाही...

फक्त खांद्यावर हात पडला.

हल्ली ती भिंतीला पाठ लावूनच बसते. डार्लीनला काय सांगायचं, ते तिला अजून सुचलेलं नाही.