चौदा नंबरची गाडी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कैलासला विलासचा फोन आला. चौदा नंबरची गाडी सातव्या होलच्या उताराच्या पायथ्याशी उलटली होती आणि तिच्याखाली भिवाजी होता.

कैलास मारणे हा मुळशीतल्या त्या गोल्फ मैदानावर बॅटरीच्या गाड्या सांभाळणारा मिस्त्री. भिवाजी तिथंच गवत कापायचा. तो कैलासच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कैलासनं हातातला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि मग निघाला. असं का केलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

चौघांनी गाडी उचलून बाजूला केली. जीव केव्हाच गेला होता. भिवाजी पालथा पडला होता. गुडघ्यांखाली चौघडी घातलेलं गोणपाट, उजव्या मुठीत गवताची कात्री. कैलासनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

पौडहून फौजदार शुभांगी सातपुते आल्या. मैदानाचे मॅनेजर शैलेश यांनी त्यांना सगळं व्यवस्थित सांगितलं. रात्रभर गाडी उतारावर उभी होती. सकाळी भिवाजी तीत बसला आणि भरधाव खाली आला. त्यांनी ते क्लबहाऊसच्या व्हरांड्यातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. प्रशिक्षण नसलेल्यानं गाडीला हात लावायचा नाही, असा नियम फलकावर लिहिलेला आहे. बेजबाबदारपणे गाडी चालवल्याने मृत्यू, अशी नोटीसही त्यांनी टाईप करून ठेवली होती.

भिवाजीची बायको गंगूबाई माले गावाहून आली तेव्हा ती नोटीस कुणीतरी तिला वाचून दाखवली. ती भावाजवळ येऊन उभी राहिली.

"लेकीच्या सासरी काय सांगू? गाडी खेळताना मेला म्हणून?"

कैलासला रडू येत नव्हतं. पण मागच्या दिवाळीनंतरची एक सकाळ त्याला आठवली. उतारावर गाडी सरळ न्यायची, वळवायची नाही, पाय ब्रेकवर ठेवायचा, उतरताना ब्रेक खटकन लॉक करून किल्ली काढायची, असं त्यानं सगळ्यांना शिकवलं होतं. भिवाजी दहा पावलांतच खाली उतरला होता. आवाज न करणाऱ्या गाडीचा भरवसा नाही, म्हणाला होता. त्यानंतर तो एकदाही गाडीत बसला नव्हता.

"मॅडम, मी गाडी बघू का?" त्यानं विचारलं.

शुभांगीताईंनी होकारार्थी मान हलवली.

त्यानं मीटर लावला. बॅटरी साफ उतरलेली होती. किल्ली भोकात होती आणि चालू बाजूला फिरवलेली. मग त्यानं सीट उचलली. खाली एक छोटा खटका असतो. 'रन'वर असला की गाडी चालते. बंद गाडी ढकलून न्यायची असेल तर तो 'टो'वर करतात. मग मोटर सुटी होते आणि गाडी हातगाडीसारखी मोकळी फिरते.

खटका 'टो'वर होता.

शैलेश म्हणाले, "उतारावर बॅटरी कशाला लागते? ब्रेक सोडला असेल त्यानं."

शुभांगीताईंनी विलासला बोलावलं. खेळाडूंना गाड्या वाटून देणं हे त्याचं काम.

"गाडी उतारावर कधीपासून होती?"

"काल संध्याकाळी बंद पडली, मॅडम. मी ब्रेक लॉक केला न् किल्ली काढून आणली."

"कुठं ठेवली?"

"हापिसातल्या खुंटीवर."

"ऑफिस कोण उघडतं?"

विलासनं शैलेशकडे पाहिलं आणि खाली बघितलं. "सर. साडेसहाला."

भिवाजी मालेहून शेतातल्या वाटेनं सहाला थेट सातव्यावर यायचा. ऑफिसकडे त्याची फेरी होत नसे. त्या दिवशीही त्याला वाटेवर दोघांनी पाहिलं होतं.

"तुला काय वाटतं?" शुभांगीताईंनी कैलासला विचारलं.

तो सपाट आवाजात बोलला. "गाडी चालवणारा माणूस गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसत न्हाई. हातात कात्री धरत न्हाई. दाजी खाली गुडघ्यावर बसून कड कापत व्हते, उताराकडं पाठ करून. गाडीत कुणीच नव्हतं. कुणीतरी हापिसातनं किल्ली आणली, लावून बघितली, गाडी हलली न्हाई. मग खटका टोवर केला, ब्रेक सोडला आन् ढकलायला लागला. ह्या उतारावर एकट्या माणसाला ती धरवत न्हाई. खटक्याचं आमा तिघांनाच म्हाईत हाय. मी पिरंगुटला घरी होतो. विलासनं साडेसहापासनं फाटकावर गाड्या लावल्यात, वॉचमन सांगंल. राहिले सर. त्यांनी तर दाजींना गाडीत बसलेलं पाहिलं म्हणून सांगितलं."

शैलेश गवतावरच बसले आणि सांगू लागले. आठ वाजता पुण्याहून पाहुण्यांची स्पर्धा होती. सातव्यावर बंद गाडी दिसायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. झाडामागं लोटून ठेवायची होती. हातातून सुटली.

"तुमी हाक मारली का?" कैलासनं विचारलं. आख्ख्या सकाळीत त्याला हे एकच विचारायचं होतं.

शैलेश म्हणाले, "वाटलं, मधल्या वाळूच्या खड्ड्यात अडकेल. पाहुणे यायला लागले होते. ओरडलो नाही."

शुभांगीताईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यांना जीपकडे नेलं.

कैलास हलला नाही. जबाबावर सही करण्याआधी त्यानं आणखी एक गोष्ट लिहायला सांगितली. गाडी बंद पडल्याचा निरोप विलासनं त्याला काल संध्याकाळीच दिला होता. बंद गाडी उतारावर रात्रभर ठेवायची नाही, हा त्याचाच नियम होता. सकाळी आणू, असं म्हणून तो घरी गेला होता.

हेच त्यानं गंगूबाईला जाऊन सांगितलं. काही न वगळता.

ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "त्येंच्यावरचा आळ गेला का?"

"गेला, आक्का."

"मग गाडी सांग त्येंना पौडच्या दवाखान्यात न्यायाला. मानसं ताटकळलीत. तुझं माझं मागनं बघू."